वाद कुठे थांबवायचा आणि कोणी थांबवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठेक स्वयंसेवक मिळून तुम्ही एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळता. एका मोठ्या बदलावरून महिनाभर वाद पेटला, शेवटी कोणीतरी निर्णय जाहीर करून टाकला आणि दोन जुने सहकारी सोडून गेले. आता काही जण म्हणतात चर्चेला शिस्त लावा. काहींना वाटतं, शिस्त लावली की लोक मूग गिळून बसतील आणि गट आपोआप विझेल. यातून वाट काय?

मी गेली सोळा वर्षं मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका मुक्त शब्दकोशाचं काम पाहते. त्याआधी सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात होते. ‘सेव्ह’ला ‘साठवा’ म्हणायचं की ‘जतन करा’, असल्या वादांत कित्येक वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्याकडे लोक फार बोलले हे बिघडण्याचं कारण वाटत नाही. बोलणं कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर संपवायचं हे वाद सुरू होण्याआधी ठरलेलं नव्हतं. वाद ऐन भरात असताना असे नियम ठरवायला गेलं की प्रत्येक नियम कोणाच्या तरी बाजूचा दिसतो.

स्वयंसेवकांच्या गटात एक गोष्ट कधी विसरू नये: इथे कोणी कोणाला काम सांगू शकत नाही. डेबियन हा लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली बनवणारा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि १९९८ पासून त्याला लिखित घटना आहे. त्या घटनेच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ही घटना कोणावरही काम करण्याची सक्ती करत नाही. दिलेलं काम नको असेल तर सदस्याने करू नये. फक्त रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात त्याने मुद्दाम काम करता कामा नये. मला हे कलम फार आवडतं. नोकरीत साहेबाचा निर्णय पटला नाही तरी माणूस महिनाअखेरच्या पगारासाठी थांबतो. इथे पगार नाही. निर्णय ज्याच्या विरोधात गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा काम करेल का, एवढ्यावर गटाचं आयुष्य अवलंबून असतं. म्हणून मी कुठल्याही निर्णयाकडे पाहताना जिंकले कोण ते फारसं बघत नाही. हरलेल्यांचं पुढे काय झालं ते बघते.

आमच्याकडचीच गोष्ट सांगते. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. या दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक क्रम म्हणजे ऱ, हलन्त आणि य. दुसरा जुना क्रम म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. दऱ्या, दर्‍या: हे दोन शब्द मी इथे दोन वेगळ्या क्रमांनी टाइप केलेत, पण डोळ्यांना ते एकच दिसतील. युनिकोडला, म्हणजे संगणकात अक्षरं कशी साठवायची ते ठरवणाऱ्या मानकाला, दोन्ही चालतात. जुना क्रम पूर्वीच्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला आहे. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटतात. शब्दकोशात एकच क्रम असेल तर दुसऱ्या क्रमाने लिहिलेल्या अगदी बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते.

नागपूरच्या एका नव्या मुलीने पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, पाठवला: सगळ्या शब्दकोशात पहिला क्रम करू या, म्हणजे नोंदी दोनदा ठेवायला नकोत. एक निवृत्त मुद्रितशोधक आमच्यात पहिल्यापासून आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. हजारो शब्द त्यांनी एकट्याने तपासून घातलेत. त्यांनी विरोध केला. लोकांच्या संगणकात वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या क्रमात पडलाय, तो एका रात्रीत चुकीचा ठरवायचा का, असं त्यांचं म्हणणं. तीन आठवडे चर्चेचं गुऱ्हाळ चाललं. तिच्या बाजूच्या एकाने लिहिलं, “काका, तुम्हाला यातलं तंत्र कळत नाही.” तिथून मुद्दा बाजूला पडला आणि माणसं पुढे आली. शेवटी कंटाळून मी एका ओळीत लिहिलं: “नवा क्रम घेत आहोत, चर्चा बंद.”

काका गप्प झाले. भांडले नाहीत, सोडूनही गेले नाहीत, नुसते थांबले. दोन महिने त्यांच्याकडून एक शब्द आला नाही. मग आम्ही नवी आवृत्ती काढली आणि तक्रारी येऊ लागल्या: ‘आचाऱ्यांना’ चूक दाखवतोय, ‘वाऱ्यावर’ चूक दाखवतोय. काका जे म्हणत होते तेच घडत होतं. उपाय शेवटी चार ओळींचा निघाला. शुद्धलेखन तपासायला आम्ही हनस्पेल नावाचं जे सॉफ्टवेअर वापरतो त्यात आलेला मजकूर तपासण्याआधी एका क्रमातून दुसऱ्यात बदलून घ्यायची सोय आहे. शब्दकोशात एकच क्रम, आणि जुना मजकूर आला की आत येतानाच बदलायचा. तिचं म्हणणंही राहिलं, काकांचंही. ही सोय वादाच्या पहिल्या आठवड्यातही होतीच. काकांचा आक्षेप नीट ऐकून कोणी एवढंच विचारलं असतं की ‘हा प्रश्न सोडवायचा तर काय करावं लागेल?’, तर तेव्हाच सापडली असती.

चर्चा बंद केली हे माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तीन आठवडे पुरे होते. आक्षेपाला उत्तर न देता बंद केली, हे चुकलं.

या बाबतीत मी सगळ्यात जास्त शिकले ते आयईटीएफकडून. इंटरनेटचे नियम, म्हणजे ईमेल कसं जावं, पत्ते कसे शोधावेत, हे ठरवणारी ही संघटना आहे. तिला औपचारिक सदस्यत्व नाही. जो येईल तो भाग घेतो. त्यामुळे मतं मोजता येत नाहीत, मोजली तर कोणीही चार माणसं जास्त आणून जिंकेल. १९९२ साली डेव्हिड क्लार्क यांनी तिथल्या एका भाषणात म्हटलं होतं की आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारतो. ढोबळ एकमत आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास आहे. बैठकीत अध्यक्षांनी कौल घ्यायची तिथली जुनी रीतही हात वर करायला सांगण्याची नाही. लोक तोंड मिटून ‘हं’ असा गुंजारव करतात आणि कुठल्या बाजूचा आवाज मोठा ते ऐकून अंदाज बांधला जातो.

या पद्धतीवर २०१४ साली पीट रेझनिक यांनी आरएफसी ७२८२ हा दस्तऐवज लिहिला. त्यातलं मुख्य सूत्र असं की प्रत्येक आक्षेपाचा विचार होऊन त्याला उत्तर मिळालं म्हणजे ढोबळ एकमत झालं. आक्षेप मान्य झालाच पाहिजे असं नाही. शंभर जण बाजूने असले आणि पाच जणांनी दाखवलेल्या खऱ्या तांत्रिक दोषाला उत्तर नसलं, तर ते एकमत नव्हे. उलट शंभर जण विरोधात असले, पण त्यांच्या सगळ्या मुद्द्यांना समाधानकारक उत्तरं दिली गेली असतील, तर पाच जणांच्या बाजूनेही ढोबळ एकमत होऊ शकतं. प्रश्न कसा विचारायचा हेही त्यात आहे. ‘हे सगळ्यांना पटतंय का?’ असं विचारलं की ज्याला दुसरं काही थोडं जास्त आवडतं तोही नाही म्हणतो. ‘हे कोणाला अजिबातच चालणार नाही का?’ असं विचारलं की आवडनिवड गळून पडते आणि खरा अडथळा वर येतो. मराठीत हा प्रश्न फार सहज विचारता येतो. आम्ही आता दुसरं काही विचारतच नाही.

त्यावरून आम्ही एक साधी सवय लावून घेतली. वाद सुरू झाला की कोणीतरी एक पान उघडतो. आक्षेप काय, कोणाचा, त्यावर उत्तर काय, आणि आक्षेप उभा आहे की मिटला. आक्षेप लिहिणारा तो आपल्या शब्दांत लिहितो आणि ज्याचा आहे त्याला विचारतो: “तुमचं म्हणणं मला असं समजलं. बरोबर आहे का?” तो “हो, हेच” म्हणेपर्यंत उत्तर लिहायचं नाही. ऐकायला वेळखाऊ वाटेल, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. बऱ्याच वेळा दोघे वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. आणि हेच पान शिस्तही लावतं. तोच मुद्दा कोणी पाचव्यांदा मांडला तर त्याला गप्प करावं लागत नाही. “हा तिसऱ्या ओळीत आहे, उत्तर तिथे आहे. त्या उत्तरात काय चुकतंय ते सांगा,” एवढं पुरतं. नवीन माहिती असेल तर नवी ओळ. नसेल तर माणूस स्वतःच थांबतो. पायथॉन या संगणकीय भाषेत प्रत्येक मोठ्या बदलाचा प्रस्ताव लिहून काढतात, त्यात नाकारलेल्या कल्पना आणि त्या का नाकारल्या याचा वेगळा भाग असतो. दोन वर्षांनी नवा माणूस तीच कल्पना घेऊन आला की त्याला वाचायला काहीतरी असतं.

अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांची रीतही उचलण्यासारखी आहे. तिथे कोडमधल्या बदलाला कोणीही एक अधिकारप्राप्त सदस्य नकाराधिकार वापरू शकतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर नकार बाद.

आता मुदतीबद्दल. सगळ्या विषयांना एकच मुदत लावू नका. अपाचीत साध्या गोष्टीला साधारण ७२ तास ठेवतात. तेवढ्यात कोणी हरकत घेतली नाही तर संमती धरतात. जगभर लोक विखुरलेले असतात, कोणाची रात्र, कोणाचा शनिवार, म्हणून तीन दिवस. रस्ट या संगणकीय भाषेच्या प्रस्तावांवर निर्णयाची दिशा जाहीर केल्यावर शेवटचे १० दिवस हरकतींसाठी देतात. डेबियनमध्ये सर्व सदस्यांच्या मतदानाआधीची चर्चा पूर्वी कितीही लांबू शकत होती. २०२२ साली घटना बदलून तिला किमान दोन आणि कमाल तीन आठवडे अशी मर्यादा घातली. लांबलेला वाद शेवटी ज्यांच्याकडे सर्वांत जास्त रिकामा वेळ आहे त्यांच्या बाजूला झुकतो. घरी लहान मूल असलेली, रात्रपाळी करणारी माणसं त्यात आपोआप गळतात. भिजत घोंगड्यात मोकळेपणा टिकतो असं मानणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

एक इशारा. बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर माणसं जास्त बोलतात, कारण त्या सगळ्यांना कळतात. फ्रीबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीच्या गटात १९९९ साली ‘स्लीप’ या, ठरावीक सेकंद थांबायला सांगणाऱ्या, छोट्या आज्ञेला अपूर्णांकातले सेकंद चालावेत का, यावर मोठं रण माजलं होतं. तेव्हा पॉल-हेनिंग कँप यांनी सायकलच्या शेडला कुठला रंग द्यायचा या जुन्या उदाहरणावरून एक पत्र लिहिलं, ते आजही तंत्रज्ञांच्या गटांत फिरतं. अशा विषयांत प्रक्रिया लावूच नका. ज्याने काम केलं त्याने नाव ठरवावं, रंग ठरवावा, पुढे चला.

मग वाद संपवायचा कोणी? इथे दोन प्रसंग सांगते.

डेबियनने २०१४ साली संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा कार्यक्रम कोणता असावा, सिस्टमडी की अपस्टार्ट, हा प्रश्न आपल्या तांत्रिक समितीकडे दिला. समिती आठ जणांची. मतं चार आणि चार पडली. घटनेप्रमाणे अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने फेब्रुवारीत सिस्टमडी ठरलं. सगळं नियमानुसार झालं. तरीही वाद शमला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्व सदस्यांचं मतदान घ्यावं लागलं. त्यात जिंकलेला पर्याय असा होता की या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही. त्याच महिन्यात समितीतले तीन सदस्य पायउतार झाले आणि काही जणांनी तोच कोड घेऊन डेव्हुआन नावाचा वेगळा फाटा काढला. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, पुन्हा मतदान झालं आणि सिस्टमडी मुख्य, पण पर्याय शोधणाऱ्यांना आधार, असं ठरलं. माझ्या मते डेबियन फुटून संपला नाही याचं कारण ती घटना. निर्णय ज्यांना पटला नाही त्यांनाही तो कुठल्या कलमाने झाला, तो उलटवायला काय करावं लागेल आणि सोडून जायचं तर सगळा कोड सोबत नेता येतो, हे माहीत होतं. डेव्हुआन निघणं मला अपयश वाटत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वेगळं होण्याचा हक्क खरा असतो, म्हणून तर आत राहणाऱ्यांना एकमेकांचं ऐकावं लागतं.

दुसरा प्रसंग पायथॉनचा. तिथे जन्मापासून शेवटचा शब्द एका माणसाचा होता, गीडो व्हॅन रोसम यांचा. २०१८ मध्ये पेप ५७२ या प्रस्तावावर कडाक्याचा वाद झाला. वाक्याच्या मध्येच एखाद्या नावाला किंमत देणारं नवं चिन्ह भाषेत आणायचं की नाही, एवढाच विषय. गीडो यांनी प्रस्ताव मंजूर केला, म्हणजे ते जिंकले. आणि १२ जुलै २०१८ ला त्यांनी पत्र लिहून निर्णयाधिकार सोडला: एका प्रस्तावासाठी इतकं झगडावं आणि इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको. त्यांनी वारस नेमला नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. त्या डिसेंबरात मतदान होऊन पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ असावं असं ठरलं. एका मालकाकडे काम करणारे दोनहून जास्त त्यात असू शकत नाहीत. आणि मंडळाला अधिकार देणाऱ्या नियमांतच लिहिलंय की हे अधिकार शक्य तितके कमी वापरावेत.

हा प्रसंग मी नव्या गटांना नेहमी सांगते, कारण सगळं लक्ष हरणाऱ्यांकडे असतं आणि निर्णय देणारा माणूस आतून जळत जातो ते कोणाला दिसत नाही. तुमच्याकडे ज्याने निर्णय जाहीर केला, त्याची चौकशी कोणी केली का? पुढच्या वेळी निर्णय एकट्यावर टाकू नका. तीन माणसं निवडा, वर्षभरासाठी. विषयावर ज्याची स्वतःची ठाम बाजू आहे त्याने त्या निर्णयापुरतं बाजूला व्हायचं. निर्णय लिहिताना प्रत्येक उभ्या आक्षेपाला एक परिच्छेद द्यायचा, आणि कुठली नवी गोष्ट समोर आली तर हा विषय पुन्हा उघडू, तेही लिहायचं.

आपल्याकडच्या गटांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे फोनवर ठरतं. दोन ज्येष्ठ एकमेकांशी बोलतात, आणि सकाळी गटात ‘असं करू या’ येतं. हेतू चांगला असतो, भांडण वाढू नये हाच. पण बाकीच्यांना कळतं की इथे बोलून उपयोग नाही, खरं बोलणं दुसरीकडे चालतं. रस्टने यावर चांगला नियम केलाय: जे कारण आधी सगळ्यांसमोर चर्चेत आलं नाही, त्या कारणावर निर्णय द्यायचा नाही. फोनवर बोला, जरूर बोला, पण तिथे सुचलेला मुद्दा गटात लिहून त्यावर उत्तराला वेळ द्या. शिवाय आपल्याकडे वयाचा मान असतो. नागपूरची ती मुलगी काकांना उघडपणे ‘तुमचं चुकतंय’ म्हणायला तयार नव्हती. तिच्या वतीने दुसरा कोणी बोलला आणि वाकडं बोलला. आक्षेपांच्या पानाचा तिला उपयोग झाला असता. तिथे माणसाला नाही, ओळीला उत्तर द्यायचं असतं.

राहिली भाषा. तांत्रिक माणसांत एक समज आहे की कडक बोलल्याशिवाय दर्जा राहत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पात, तो समज वर्षानुवर्षं होता. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे रजा घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. कर्नलचं काम त्यानंतरही त्याच काटेकोरपणे चालू आहे. पॅच फेकून द्यायला ‘हा पॅच घेता येणार नाही, कारण…’ एवढं वाक्य पुरतं.

पण आचारसंहिता सांभाळणारे कोणाला उत्तर देतात तेही ठरवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्टचा मॉडरेशन गट, म्हणजे चर्चेची शिस्त सांभाळणारा गट, एकत्र पायउतार झाला. मुख्य गटाला कोणाचेच नियम लागू होत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. आयईटीएफने २००४ साली असा नियम केला की सूचना देऊनही कोणी चर्चा उधळत राहिला तर कार्यगटाचे अध्यक्ष त्याचं लिहिणं ३० दिवसांपर्यंत थांबवू शकतात, आणि त्यावर दाद मागता येते. मुदत ठरलेली, कारण लिहिलेलं, अपील खुलं. तुमच्या गटाला मी एवढाच अधिकार द्यायला सांगेन, आणि तो वादात भाग न घेतलेल्या माणसाकडे. बहुतेक वेळा त्याची वेळच येत नाही. कोणी घसरलं की मी आधी त्याला खाजगीत लिहिते, शक्यतो फोन करते. चारचौघांत खडसावलं की माणूस मुद्दा सोडून इज्जत सांभाळायला लागतो.

आता ते सोडून गेलेले दोघं. नियम करण्याआधी त्यांना पत्र लिहा, दोघांना वेगवेगळं. ‘परत या’ असं लिहू नका, त्याने त्यांच्यावरच ओझं पडतं. त्यांचे आक्षेप तुम्हाला काय समजले ते क्रमाने लिहा आणि विचारा, बरोबर समजलं का. ज्याला उत्तर आहे त्याचं उत्तर द्या. ज्याला नाही, त्यापुढे ‘याला आमच्याकडे अजून उत्तर नाही’ असं लिहा. मी काकांना असंच पत्र पाठवलं होतं, त्या चार ओळींच्या उपायासह, आणि ते चालतंय का हे तपासायला जुन्या क्रमातले शब्द त्यांच्याकडे मागितले होते. आठ दिवसांनी एक यादी आली. तिच्यात ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ आणि ‘गोऱ्हा’ होते. आमच्या चार ओळी फक्त य पुढे येईल असं धरून लिहिल्या होत्या. ह पुढे आला की जुना क्रम तसाच राहत होता.